एकवीस किलोमीटरचा गृहपाठ

लहानपणी आमचा काळा घोडा राणीच्या बागेत असायचा. लालबागहून आजीचा हात धरून चालत जायचं, जनावरं बघायची, आणि मग त्या काळ्या घोड्यापाशी थांबून वर बसलेल्या गोऱ्या साहेबाकडे मान वर करून बघायचं. पुढे फोर्टात नोकरी लागली तेव्हा कळलं, तिकडेही एक 'काळा घोडा' आहे. फक्त तिथे घोडा नाही. बसचा कंडक्टर ओरडायचा, लोक उतरायचे, मीही उतरायचो. नावाला घोडा आणि जागेवर पार्किंग, हे मुंबईला शोभतं असं म्हणून मी पंचवीस वर्षं पुढे चालत राहिलो. या दोन घोड्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

संबंध लागला तो वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पळायला लागल्यावर.

पळायला लागलो ते काही हौसेने नाही. मे २०२३ मध्ये रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ आली. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस अजून घरात आलेला नाही, पण चपला काढतोय." घरी हे सांगितलं तर बायको गंभीर झाली आणि मुलगी फोन घेऊन बसली. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "बाबा, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफला तुझं नाव टाकायचं ठरवलंय. पैसे मी भरणार, पळायचं तू." हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. मला तेव्हा चिंचपोकळीचा जिना चढताना धाप लागत होती.

पहिल्या दिवशी चाळीच्या कोपऱ्यावरून भारतमाता टॉकीजपर्यंतही पोचलो नाही. पहाटे साडेपाचला बाकड्यावर बसलेल्या तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, "काय रे, गाडी चुकली?" दुसऱ्या दिवशी कुत्री मागे लागली. तो माझा आजवरचा सर्वांत वेगवान दोनशे मीटर असावा, पण घड्याळ लावलेलं नव्हतं.

मग शिवाजी पार्कला पळणाऱ्यांच्या एका ग्रुपात गेलो. तिथल्या कोचने पहिल्यांदा पळायचंच बंद केलं. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं वीस मिनिटं. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं पळ, दोन चाल. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटले तर वेग जास्त आहे. त्यांचं एक वाक्य ग्रुपात सगळे त्यांच्याच आवाजात म्हणतात: "सावकाश पळायला अक्कल लागते." सहा आठवड्यांत न थांबता पाच किलोमीटर झाले. छाती फुगली. आणि नेमका तिथेच कंटाळा सुरू झाला.

पळण्याबद्दल लिहिणारे हे सांगत नाहीत, की ते भयंकर कंटाळवाणं असतं. पार्काला चौथी फेरी मारताना डोक्यात विजेचं बिल, सोसायटीची सभा आणि ऑफिसातलं कोण काय बोललं, एवढंच फिरत असतं. घरी येऊन मी तसं बोललो. मुलगी जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकते. कानातली इअरफोनची एक बाजू काढून ती म्हणाली, "मग गोल कशाला पळतोस? इकडून तिकडे पळ. मी तुला दर रविवारी एक गोष्ट सांगणार, ती बघून यायचं आणि नाश्त्याला मला सांगायचं. फोटो काढायचा नाही. फोटो काढला की माणूस बघायचं थांबवतो."

पहिला गृहपाठ: काळ्या घोड्यापासून काळ्या घोड्यापर्यंत.

जुलैचा रविवार, पाऊस नुकता थांबलेला. बाग उघडायच्या सुमाराला पोचावं म्हणून मुद्दाम उशिरा निघालो. लोकलने सीएसएमटी, तिथून चालत काळा घोडा. आता तिथे घोडा आहे, २०१७ मध्ये बसवलेला, पण त्याच्या पाठीवर कोणी नाही. खोगीर नाही, लगाम नाही. त्याच्याकडे बघून घड्याळाचं बटण दाबलं आणि पळायला लागलो. हुतात्मा चौक, दादाभाई नौरोजी रोड, सीएसएमटी, क्रॉफर्ड मार्केट, मग मोहम्मद अली रोडवर जे.जे. उड्डाणपुलाच्या सावलीतून सरळ उत्तरेला. पुलाखालचा तो रस्ता रविवारी सकाळी अर्धवट जागा असतो. हातगाड्या उभ्या, बेकरीतून भाजलेल्या पावाचा वास, आणि कुठेतरी शटर वर जाण्याचा आवाज. पायधुणीला एका डबक्यात घोट्यापर्यंत पाय गेला आणि मी पळता पळता हसलो. मुंबई जेव्हा वेगवेगळी बेटं होती, तेव्हा भरतीचं पाणी इथपर्यंत यायचं, आणि त्यातून चालत आलेली माणसं इथे पाय धुवायची. म्हणून पायधुणी. मी दोनशेहून जास्त वर्षं उशिरा आलो होतो, पण पाय मात्र रीतसर भिजले.

राणीच्या बागेत घोड्यासमोर उभा राहिलो तेव्हा सहा किलोमीटरच्या आसपास झाले होते. मुलगी तिथे आधीच स्केचबुक घेऊन बसली होती. तिने गोष्ट सांगितली. वर बसलेला साहेब म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला राजपुत्र. तो १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूनने हा पुतळा शहराला दिला, आणि १८७९ मध्ये तो फोर्टात उभा राहिला. लोकांनी राजाचं नाव घेतलं नाही, घोड्याचा रंग लक्षात ठेवला. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये पुतळा उचलून इकडे आणला. नाव तिकडेच राहिलं.

"म्हणजे मी तोच रस्ता पळालो, घोडा आला तो?"

"घोडा ट्रकवरून आला असेल. तू जास्त केलंस," ती म्हणाली.

त्याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तो तुटला, आणि पुढे १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा केला. लहानपणी मी या हत्तीला टेकून चणे खाल्ले आहेत. सांधे कधी दिसले नव्हते. त्या दिवशी दिसले, कारण माझे स्वतःचे सांधे जागेवर आहेत की नाही ते चाचपत मी शेजारी बसलो होतो.

तेव्हापासून रविवार लागला. शनिवारी रात्री ती प्रश्न सांगायची, रविवारी मी पळून यायचो, आणि कांदेपोह्यांबरोबर उत्तर. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर काय कोरलंय? (शेतातली माणसं, कामात वाकलेली. रेखाटनं लॉकवुड किपलिंगची, जे जे.जे.त शिकवायचे.) ओव्हलवरून राजाबाई टॉवर बघ, वर माणसं उभी आहेत, त्यांच्या डोक्यावर काय आहे? या प्रश्नाला मी दोन रविवार घेतले. टॉवर ८५ मीटरचा, मूर्ती बऱ्याच वर, आणि माझा चष्मा घामाने धुरकटलेला. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांची माणसं तिथे दगडात उभी केली आहेत, आणि ओळख पटते ती पागोट्यांवरून. तीस वर्षं मी त्या टॉवरच्या घड्याळावर माझं मनगटी घड्याळ लावत होतो. वर इतकी माणसं उभी असतील याचा पत्ता नव्हता.

या सगळ्यात कोच वैतागले. पळण्याच्या ॲपवर माझे रविवारचे आलेख ते बघायचे. सात मिनिटांचा किलोमीटर, सात दहाचा, मग एकदम अकराचा. "इथे काय झालं?" मी म्हणालो, "सर, पागोटी." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थांबायचं असेल तर घड्याळ थांबव. नाहीतर तुझा पेस मला कळणारच नाही." मी नाही थांबवलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. मला वाटायचं, बघायला लागलेला वेळ हाही त्या अंतराचाच भाग आहे, तो वजा कसा करायचा? कोचच्या जागी कोच बरोबर होते, हेही खरं. त्या हट्टापायी मला माझा खरा वेग शर्यतीच्या दिवसापर्यंत कळला नाही.

एक प्रश्न मात्र सुटत नव्हता. सीएसएमटीच्या घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे. "तिच्या उजव्या हातात मशाल आहे, ती कोणालाही दिसते," मुलगी म्हणाली. "डाव्या हातात काय आहे ते बघून सांग. गूगल केलंस तर मला कळेल." दर वेळी सीएसएमटीवरून जाताना मी मान वर करायचो. पण माझी वेळ पहाटेची, आकाश काळं, इमारतीवर दिवे सोडलेले, आणि बाई म्हणजे वर एक पुसट आकृती. मी ढाल म्हणालो. चूक. पुस्तक म्हणालो. चूक. सुपलीसुद्धा म्हणून झालं. तिने चहा सांडला.

या इमारतीबद्दल तिला फार आपुलकी. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही इमारत, बांधायला १८७८ मध्ये सुरुवात झाली आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. पण दगडातला मोर, माकडं, पानाफुलांच्या जाळ्या, या कामात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. "आमच्याच वर्गातली पोरं म्हण ना," असं ती म्हणते, जणू मागच्याच वर्षी पास होऊन गेली. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. मी माझं मत दिलं की वाघ जास्त चांगला जमलाय. तिने वहीत लिहून घेतलं.

ऑक्टोबरात माती खाल्ली. ग्रुपातल्या काही जणांनी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीपर्यंत पळायचं ठरवलं. माझं तोवरचं सर्वांत लांबचं अंतर दहा किलोमीटर. गेटपासून लेण्यांपर्यंत जाऊन-येऊन बारा-तेरा, त्यात चढ. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवायचं नाही, हा नियम कोचने शंभर वेळा सांगितलेला. पण मुलीने आदल्या रात्री डोळे मोठे करून म्हटलं होतं, "बाबा, एकशे नऊ लेणी आहेत. बसायला दगडाचे बाक आहेत. जाच."

गेलो. पहिले तीन किलोमीटर सपाट, दोन्ही बाजूंनी झाडं, लंगुरांच्या उड्या. मग रस्ता वळतो आणि चढायला लागतो, आणि वळणामागे वळण निघतं. बरोबरचे पुढे गेले. मी चाललो, पळालो, चाललो. वर पोचल्यावर सगळे पायऱ्यांवर बसून केळी खात होते. मी तिकीट काढून आत गेलो.

तिसरं लेणं मोठं, चैत्यगृह. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सात मीटरच्या आसपास उंचीचे बुद्ध उभे आहेत. त्यांच्या पायाशी उभं राहिलं की आपली मान आपोआप मागे जाते. पण मला पकडलं ते पाण्याने. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, पोढी म्हणतात त्याला. आणि वरच्या खडकावर बारीक पन्हळी कोरलेल्या, पावसाचा थेंब वाया न जाता टाक्यात यावा अशा. दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली ही पाणीयोजना. माझी बाटली तेव्हा रिकामी झाली होती. एका टाक्याच्या काठावर बसून मी आत वाकून बघितलं, पाणी हिरवं होतं आणि त्यात माझं लालबुंद तोंड. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं कोरलेली आहेत. कल्याण, सोपारा. तिथून माणसं इथे आली ती पायी, किंवा बैलावर, किंवा खाडीतून होडीने. त्यांच्या पायात तर तळवा झेलणारे महागडे बूट नव्हते. मग एका विहारात शिरून दगडी बाकावर आडवा झालो. थंड कातळ पाठीला लागला, आणि दोन मिनिटं डोळा लागला बहुतेक. भिक्षूंनी अंतर बरोबर मोजून खोदलं आहे, पाच फूट सातच्या माणसाला बाक पुरतो.

खाली उतरताना पोटऱ्यांत गोळे आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं, तर टाचेत खिळा ठोकल्यासारखं झालं. चार पावलं चाललं की कमी, बसून उठलं की पुन्हा. तळव्याचा पडदा सुजला होता. फिजिओथेरपिस्टने तीन आठवडे पळणं बंद केलं, पोटऱ्यांचे ताण दिले, आणि पाण्याची बाटली गोठवून तिच्यावरून तळवा फिरवायला सांगितलं. ऑफिसातून येऊन टीव्हीसमोर बाटली लाटत बसायचो. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "पायाने पोळ्या लाटतोस की काय?"

फिजिओथेरपिस्टनेच बूटही तपासले. अर्धा नंबर लहान. पळताना पाय सुजतो, पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, हे बूट विकणाऱ्याने सांगायला हवं होतं आणि मी विचारायला हवं होतं. डाव्या अंगठ्याचं नख तोवर काळं पडलेलं. डिसेंबरात ते गळून पडलं. आम्ही त्याचं काही केलं नाही, पण मुलीला ते वहीत चिकटवायचं होतं. बायकोने दोघांकडे असं बघितलं की विषय संपला.

नोव्हेंबरात पुन्हा सुरुवात, पाच किलोमीटरपासून. डिसेंबरअखेर अठरा झाले. शर्यतीआधी अठराच्या पुढे न्यायचं नाही, असं कोचचं गणित. उरलेले तीन म्हणे गर्दी ओढून नेते.

२१ जानेवारी २०२४. पहाटे अडीचला उठलो. मांड्यांच्या सांध्यात आणि छातीवर व्हॅसलिन, शर्टाला चार सेफ्टी पिनांनी बिब, म्हणजे नंबरचा कागद, खिशात मीठ-साखरेची पुडी. हाफ माहीमहून सुटते, रेतीबंदरच्या बाजूने. अंधारात किल्ल्याच्या बाजूला समुद्राचा आवाज आणि आमच्या रांगेत आयोडेक्सचा वास. पहिले लोक पाचला सुटले, माझा नंबर रेषेवर यायला वीसेक मिनिटं लागली.

मग सी लिंक. ५.६ किलोमीटरचा हा पूल २००९ पासून आहे, पण पायी माणसाला त्याच्यावर एरवी प्रवेश नाही. दुचाकीलाही नाही. त्यामुळे सगळे जण पळता पळता लहान मुलांसारखे इकडेतिकडे बघत होते. निम्मे जण सेल्फीला थांबले. पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्यांवर हजारो बुटांचा आवाज येतो, पाऊस पडल्यासारखा. वरळीच्या टोकाला खाली कोळीवाड्याचे दिवे, आणि त्यांच्या मधोमध एक काळा ठोकळा, तो वरळीचा किल्ला. गृहपाठ क्रमांक अकरा. आत तालीम आहे.

हाजी अलीपर्यंत मी बरा होतो. पेडर रोडच्या चढावर भाषण संपलं. लोक पहाटेपासून दारात उभे राहून संत्र्याच्या फोडी देत होते, बिस्किटं देत होते, एक आजी नऊवारीत उभ्या राहून नुसत्याच टाळ्या वाजवत होत्या. 'प्रभुकुंज'वरून जाताना माझ्या पुढच्या माणसाने कानाला हात लावला. मीही लावला. लताबाई तिथे राहायच्या. घड्याळ म्हणत होतं नऊ मिनिटांचा किलोमीटर. केम्प्स कॉर्नरचा उतार आला तेव्हा टाच किंचित बोलली, पण तक्रार केली नाही.

चौपाटीला उजाडलं. मरीन ड्राइव्ह सपाट असतं म्हणतात. ज्याने सतराव्या किलोमीटरला ते पळून बघितलं नाही, त्यानेच म्हणावं. रस्ता वळतो पण संपत नाही. कोणाचा तरी ढोल वाजत होता. मी दिव्याचे खांब मोजायला लागलो, दहा पळायचे, दोन चालायचे. चर्चगेट, हुतात्मा चौक. इथून पुढचा रस्ता माझ्या पायांना पाठ होता. जुलैतल्या घोड्याचा रस्ता.

सीएसएमटीपाशी पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. शेवट समोर, लोक ओरडत होते, कोच कुठेतरी कडेला उभे राहून "आता सोड, सगळं सोड!" म्हणत होते. मी सवयीने मान वर केली. हा प्रश्न मिळाल्यापासून या इमारतीपाशी एवढ्या उशिरा पळत मी कधी आलोच नव्हतो. सूर्य तिच्या मागच्या बाजूला होता, आकाश पांढरं झालेलं, आणि घुमटाच्या टोकावरची बाई त्यावर काळी उमटलेली. उजवा हात वर. आणि डाव्या हाताशी, गोल. गोलाच्या आतून उजेड आरपार येत होता, काड्याकाड्यांतून.

चाक.

रेल्वेच्या इमारतीवरच्या बाईच्या हातात दुसरं काय असणार होतं! मी थांबलो. खरंच थांबलो. मागून एकाने "अंकल, चला, झालं!" म्हणत पाठीवर थाप मारली.

दोन तास सेहेचाळीस मिनिटं. पदक गळ्यात, गुडघे वाकत नाहीत, फूटपाथवर बसायचं म्हटलं तर उठवायला दोन माणसं लागतील. मुलगी गर्दीतून वाट काढत आली. तिने वेळ विचारली नाही. मी म्हणालो, "चाक." तिने मला मिठी मारली आणि लगेच नाक मुरडून सोडलं.

चार दिवसांनी फोटो आले. शेवटच्या टप्प्यावर कॅमेरा लावलेला असतो. माझ्या आसपासचे सगळे समोर बघतायत, कोणी हात उंचावलेत, एकाने डोळे मिटलेत. मी एकटा आकाशाकडे तोंड करून, आ वासून उभा. कोचने तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पागोटी?"